डॅम्परची मोटर किती ताकदीची घ्यायची आणि वायरिंग कसं करायचं: सांगली-मिरजेच्या साइटवरनं

डॅम्पर म्हणजे एसीच्या डक्टमधे, हवा जायच्या पत्र्याच्या बोगद्यात, बसवलेली फिरत्या ब्लेडांची झडप, आणि तिला फिरवते ती एक छोटी मोटर. डॅम्पर हलत नाही अशी तक्रार आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "मोटर गेली." मग नवीन मोटर पुण्याहून मागवायची, यायला चार दिवस, ती बसवायची आणि महिन्याभरात परत तोच फोन. मिरजेतल्या हॉस्पिटलांच्या एएचयू (हवा गार करून डक्टमधे ढकलणारं यंत्र) रूममधे, कुपवाड एमआयडीसीतल्या शेडवर, तिकडं साताऱ्याच्या हॉटेलांच्या गच्चीवर, सगळीकडं हेच चालतं. मोटर बिचारी बऱ्याचदा ठणठणीत असते. डॅम्पर जाम असतो, नाहीतर मोटरचा क्लॅम्प शाफ्टवर (ब्लेड फिरवणाऱ्या दांड्यावर) घसरत असतो, नाहीतर तिच्यापर्यंत धड २४ व्होल्ट पोचतच नसतात. म्हणून मी इथं मोटर सगळ्यात शेवटी ठेवलीय, आधी डॅम्पर, मग लागणारी ताकद, मग प्रकार, मग ट्रान्सफॉर्मर आणि केबल, आणि त्यानंतर पाना हातात घ्यायचा.

२३० व्होल्टचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडनंच करून घ्या आणि मेन बंद करून, टेस्टरवर न जाता मल्टिमीटरनं खात्री करूनच हात घाला, हे एकदाच सांगतो, परत सांगणार नाही.

आधी डॅम्पर हातानं फिरवून बघा

मोटर काढलेली असताना शाफ्टला व्हाइस ग्रिप लावायचा आणि पूर्ण बंद ते पूर्ण उघडं असं सावकाश फिरवायचं. सगळीकडं सारखा जोर लागला पाहिजे, शेवटी गास्केट (ब्लेडच्या कडेची हवा अडवणारी पट्टी) दाबताना थोडा जास्त लागणार ते चालतं, पण मधेच कुठं अडकलं, करकरलं, तर तिथंच थांबा. आपल्याकडं बरेच डॅम्पर लोकल डक्टवाल्याकडनं बनवून घेतलेले असतात, त्यात वाईट काही नाही, चांगले बनवणारेही आहेत, पण डक्टमधे बसवताना फ्रेम तिरकी ओढली जाते आणि मग ब्लेडचा कोपरा फ्रेमला घासतो. दोन्ही कर्ण टेपनं मोजा. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेमचे बोल्ट ढिले करून सरळ करून घ्या, मोठी मोटर लावून फ्रेमचा वाकडेपणा जात नसतो, उलट ती लिंकेज, म्हणजे ब्लेडं जोडणाऱ्या पट्ट्या, वाकवून ठेवते.

शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश बघा, पितळेचे आहेत का नायलॉनचे, धूळ बसून कोरडे पडलेत का. ग्रीस भसाभसा भरू नका, त्यावर धूळ अजून चिकटते, साफ करून सिलिकॉन स्प्रे मारला तरी पुष्कळ होतं. ब्लेड एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीचे नटबोल्ट हलवून बघा. पहिलं ब्लेड फिरतंय आणि खालची दोन जागेवरच आहेत असं पण असतं, बाहेरनं शाफ्ट फिरताना दिसतो त्यामुळं सगळ्यांना वाटतं डॅम्पर उघडला.

आणखी एक काम आत्ताच उरकून घ्या, शाफ्टच्या टोकावर करवतीनं किंवा पंचनं एक खूण पाडा, ब्लेडच्या पत्र्याला समांतर. इन्सुलेशन चढल्यावर डक्टच्या आत कुणाला दिसणार नाही आणि तेव्हा ही एक रेघ सोन्याच्या भावाची होते.

टॉर्क किती लागणार

टॉर्क म्हणजे फिरवायची ताकद, मोटरवर न्यूटन मीटरमधे लिहिलेली असते. जुन्या लोकांना किलो-सेंटीमीटर कळतं, तर १ न्यूटन मीटर म्हणजे साधारण १०.२ किलो-सेंटीमीटर. बाजारात मिळणारे आकडे ठरावीक आहेत, बिनस्प्रिंगच्या मोटरी ५, १०, २० आणि ४० न्यूटन मीटर, स्प्रिंगवाल्या साधारण २, ४, १०, २० आणि ३०. मधले १५-१६ वगैरे काही कंपन्यांत मिळतात.

बहुतेक जण एकच नियम वापरतात, डॅम्परचं क्षेत्रफळ चौरस मीटरमधे काढायचं आणि ५ नं गुणायचं. म्हणजे १ चौरस मीटरला ५ न्यूटन मीटर. कॅटलॉगवर पण ५ न्यूटन मीटरच्या मोटरपुढं 'सुमारे १ चौरस मीटर' असंच छापलेलं असतं. नियम वाईट नाही पण तो साध्या, गास्केट नसलेल्या, कमी वेगाच्या हवेतल्या डॅम्परसाठी आहे हे विसरलं जातं. डॅम्परच्या प्रकाराप्रमाणं आकडा बदलतो. मी जे धरतो ते असं:

गास्केट नसलेला, आणि शेजारची ब्लेडं उलटसुलट फिरणारा डॅम्पर, ज्याला अपोज्ड म्हणतात, त्याला चौरस मीटरला ४ च्या आसपास.
गास्केट नसलेला, सगळी ब्लेडं एकाच दिशेनं फिरणारा, पॅरलल, त्याला ५.
गास्केटवाला अपोज्ड, ६.
गास्केटवाला पॅरलल, साडेआठ.

हे आकडे डक्टमधे हवेचा वेग ५ मीटर प्रति सेकंदापर्यंत असतो तेव्हाचे, म्हणजे आपल्या फुटाच्या भाषेत साधारण १००० एफपीएम, मिनिटाला हजार फूट. वेग त्याच्यावर गेला, साधारण १२-१३ मीटरपर्यंत, तर दीडपट करा, त्याच्याही वर असेल तर दुप्पट. डॅम्पर बनवणाऱ्यानं स्वतःचा टॉर्क दिला असेल तर माझं सगळं सोडा आणि त्याचाच आकडा धरा, त्यानं तो डॅम्पर तपासलेला असतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. हॉस्पिटलच्या एएचयूचा रिटर्नचा डॅम्पर, १२०० बाय ९०० मिमी, गास्केटवाला अपोज्ड, वेग ६ मीटर. क्षेत्रफळ १.२ गुणिले ०.९ म्हणजे १.०८ चौरस मीटर. त्याला ६ नं गुणलं की ६.५. वेग ५ च्या वर आहे म्हणून दीडपट, म्हणजे ९.७ न्यूटन मीटर. आता इथं दुकानदार म्हणणार "साहेब १० ची बसते की, बरोबर बसते." बसते, पहिल्या दिवशी बसते. दोन वर्षांनी बुशमधे धूळ बसल्यावर, गास्केट उन्हानं कडक झाल्यावर बसत नाही. मोटरच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आत आपला आकडा आला पाहिजे असं मी धरतो, ९.७ भागिले ०.८ म्हणजे १२, मग १५ ची मिळाली तर १५ नाहीतर सरळ २०. त्याच एएचयूचा फ्रेश एअरचा डॅम्पर ६०० बाय ४०० असेल तर ०.२४ चौरस मीटर, गुणिले ६, गुणिले दीड, म्हणजे २.२, त्याला ४ किंवा ५ ची मोटर आरामात चालते, तिथं २० ची लावून पैसे घालवायची गरज नाही. सगळ्यांना एकच मोठी मोटर घेऊन टाकू, स्पेअरला सोपं पडेल, असं काही ठेकेदार करतात, पण हलक्या डॅम्परवर दांडगी मोटर आली आणि कुठं अडकलं तर ब्लेडच वाकतं, मोटर थांबत नाही.

डॅम्पर जुना असेल, कागद नाहीत, कुठल्या कंपनीचा माहीत नाही, तर हिशोबापेक्षा मोजलेलं बरं. हुकाचा वजनकाटा घ्या, रद्दीवाल्याकडं असतो तो, आता डिजिटल पण स्वस्त मिळतात. शाफ्टला व्हाइस ग्रिप घट्ट लावा, शाफ्टच्या मध्यापासनं बरोबर २० सेंटीमीटरवर काट्याचा हुक अडकवा आणि ग्रिपला काटकोनात ओढा. समजा सगळ्यात जास्त ४ किलो लागले, तर ४ गुणिले २० म्हणजे ८० किलो-सेंटीमीटर, भागिले १०.२, म्हणजे ७.८ न्यूटन मीटर. गास्केट दाबायच्या वेळचा आकडा धरायचा, मधला नाही. हे फॅन बंद असतानाचं झालं, त्यात घर्षण आणि गास्केट आलं, हवेचा दाब आला नाही, म्हणून वरचं दीडपट वगैरे इथंही लावा.

मोठा डॅम्पर दोन-तीन तुकड्यांत असतो. तुकड्यांना एक सामाईक शाफ्ट असेल तर सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून एक आकडा. नसेल तर प्रत्येक तुकड्याला आपापली मोटर, कारण पट्टी टाकून एका तुकड्याची ओढ दुसऱ्याला देताना पट्टीचा कोन बदलत जातो तशी ताकद कमी होते आणि नेमकी बंद होताना, जेव्हा सगळ्यात जास्त लागते, तेव्हाच कमी पडते. दोन मोटरी एकाच शाफ्टवर बसवायच्या असतील तर ते त्या मॉडेलच्या कागदात परवानगी असेल तरच करा, दोघी एकमेकींना ओढत बसतात नाहीतर.

स्प्रिंगवाली की बिनस्प्रिंगची

लाइट गेली तर डॅम्पर कुठं असला पाहिजे? एवढाच प्रश्न विचारा. बाहेरची हवा आत घेणारा बंद झाला पाहिजे, धूर काढायचा असेल तो उघडला पाहिजे, अशा ठिकाणी स्प्रिंग लागते. व्हीएव्ही बॉक्स (खोलीगणिक हवा कमी-जास्त करणारे), झोनचे डॅम्पर, जिथं लाइट गेल्यावर आहे तिथं राहिला तरी काही बिघडत नाही, तिथं बिनस्प्रिंगची घ्या, स्वस्त आहे.

इथं एक नेहमीचा घोळ आहे. बिनस्प्रिंगची मोटर घेतात आणि तिचा सप्लाय फॅनच्या कॉन्टॅक्टरवरनं, म्हणजे फॅन चालू-बंद करणाऱ्या स्विचवरनं, देतात. फॅन चालू, मोटरला लाइट, डॅम्पर उघडतो. फॅन बंद, मोटरची पण लाइट गेली, आणि डॅम्पर तसाच उघडा राहतो कारण त्याला बंद करायला पण लाइटच पाहिजे. रात्रभर बाहेरची दमट हवा आत येते आणि सकाळी ऑपरेशन थिएटरच्या भिंती ओल्या. ह्या मोटरीला कायमचा सप्लाय पाहिजे आणि दिशा सांगणारी वायर वेगळी पाहिजे.

स्प्रिंगवाली मोटर उघडी धरून ठेवताना सतत थोडा करंट घेते, अंग कोमट लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उघडायला साधारण सव्वा मिनिट घेते आणि लाइट गेल्यावर वीसेक सेकंदात स्प्रिंगनं बंद होते. बिनस्प्रिंगची सर्वसाधारण मोटर ९० अंशाला १५० सेकंद घेते, म्हणजे अडीच मिनिटं, आणि लोक तीस सेकंदात "चालत नाही" म्हणून फोन करतात.

कुठल्या वायरीचं काम काय

रंग कंपनीप्रमाणं बदलतात. बेलिमोच्या २४ व्होल्टच्या मोटरींवर काळी कॉमन (परतीची), लाल २४ व्होल्ट, पांढरी सिग्नल आणि नारिंगी फीडबॅक (डॅम्पर किती उघडला ते उलट सांगणारी) असं असतं, दुसऱ्या कंपनीचं वेगळं असू शकतं, म्हणून रंग पाठ करू नका, वायरीवर छापलेला नंबर आणि मोटरच्या अंगावरचं चित्र बघा. प्रकार खरे चारच:

स्प्रिंगवाली ऑन-ऑफ: दोन वायरी. लाइट दिली उघडली, काढली बंद. ह्याच्याहून सोपं काही नाही.

बिनस्प्रिंगची ऑन-ऑफ: तीन वायरी. कॉमन किंवा न्यूट्रल, कायम सप्लाय, आणि तिसरी दिशेची. तिसरीवर लाइट आली एका बाजूला, गेली की दुसऱ्या बाजूला.

तीन पॉइंट, ज्याला फ्लोटिंग म्हणतात: कॉमन, आणि दोन वायरी, एकीवर लाइट म्हणजे उघड, दुसरीवर म्हणजे बंद, दोन्हीवर नाही म्हणजे आहे तिथं थांब. जुन्या, आत लिमिट स्विच असलेल्या मोटरी ह्या प्रकारात एकाच रिलेवर पॅरलल जोडू नका, एकीतनं उलटा व्होल्टेज दुसरीत येतो आणि दोन्ही मधेच लटपटत बसतात. प्रत्येकीला रिलेचा वेगळा कॉन्टॅक्ट द्या.

मॉड्युलेटिंग, सांगेल तेवढीच उघडणारी: कॉमन, २४ व्होल्ट, ० ते १० किंवा २ ते १० व्होल्टचा सिग्नल, आणि फीडबॅक. कंट्रोलर ४ ते २० मिलिअँप देणारा असेल तर सिग्नल आणि कॉमनच्या मधे ५०० ओहमचा रेझिस्टर टाका, ४ मिलिअँपला २ व्होल्ट आणि २० ला १० व्होल्ट होतात. एका सिग्नलवर तीन-चार मोटरी असतील तर रेझिस्टर एकच टाकायचा, प्रत्येकीवर एक-एक टाकला की सगळं गणित बिघडतं, कारण ते पॅरलल होऊन रेझिस्टन्स कमी होतो. नुसत्या ०-१० मधे मात्र एका आउटपुटवर बऱ्याच मोटरी चालतात, सिग्नलच्या वायरीतनं प्रत्येक मोटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, १ लाख ओहमची असते बहुतेक.

ट्रान्सफॉर्मर आणि केबल

मोटरच्या नेमप्लेटवर दोन आकडे असतात, वॅट आणि व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). ट्रान्सफॉर्मर व्हीएवर निवडायचा, वॅटवर नाही. लोक वॅट बघतात, ५ वॅट लिहिलंय, पाच मोटरी, २५ वॅट, मग ३० चा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि तो तापून वास सुटतो. समजा प्लेटवर ७.५ व्हीए आहे आणि मोटरी पाच आहेत, तर ३७.५. त्यावर पाव भाग जास्त, म्हणजे ४७, मग बाजारात मिळेल तो ६० चा किंवा १०० चा घ्या. सेकंडरीला फ्यूज पाहिजेच, १०० व्हीएचा २४ व्होल्टला पूर्ण करंट ४.१७ अँपिअर होतो तर ४ चा फ्यूज. फ्यूज फक्त २३० च्या बाजूला टाकून मोकळं व्हायचं नाही, २४ च्या बाजूला शॉर्ट झालं तर प्रायमरीला कळतच नाही कधीकधी.

आता केबल. इथं सगळ्यात जास्त गंडतं, कारण २४ व्होल्टमधे १ व्होल्टचा तोटा म्हणजे पण ४ टक्के. उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही तसं शेवटच्या मोटरला व्होल्टेज पोचत नाही, पहिल्या चार चालतात आणि पाचवी आळसावलेली असते. हिशोब असा: वरच्याच पाच मोटरी, ३७.५ व्हीए भागिले २४ म्हणजे १.५६ अँपिअर. पॅनेल खाली, मोटरी गच्चीवर, केबल ६० मीटर. जाऊन-येऊन १२० मीटर तांबं. फ्लेक्सिबल ०.७५ चौरस मिमीच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला २६ ओहम, म्हणजे आपल्याला ३.१ ओहम, गुणिले १.५६, म्हणजे ४.९ व्होल्ट केबलमधेच गेले. हातात उरले १९.१. बहुतेक मोटरी १९.२ ते २८.८ मधे चालतात, म्हणजे आपण काठाच्या खाली गेलो. आणि हे महावितरणचे २३० पूर्ण आले तर. संध्याकाळी २१० आले की ट्रान्सफॉर्मरमधनंच २२ निघणार आणि मोटरपाशी १७. तेव्हाच तक्रार येते, सकाळी मेकॅनिक गेला की सगळं नीट चालतं आणि सगळे एकमेकांकडं बघतात.

तेच दीड चौरस मिमी घेतलं तर १३.३ ओहम किलोमीटरला, तोटा २.५ व्होल्ट, उरले २१.५, ठीक. अडीचचं घेतलं तर तोटा दीडच. ह्याहून शहाणपणाचं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच गच्चीवर, मोटरींच्या जवळ नेऊन ठेवा आणि तिथपर्यंत २३० न्या. तांब्याचा भाव बघितला तर हेच परवडतं. पण मग गच्चीवरच्या त्या बॉक्सला एमसीबी, अर्थिंग आणि झाकण सगळं नीट पाहिजे.

सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीसोबत एकाच पाइपात घालू नका, व्हीएफडीच्या (फॅनचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलच्या तर जवळपास पण नको, फूटभर अंतर ठेवा. शील्डेड ट्विस्टेड घ्या आणि शील्ड पॅनेलच्या टोकालाच अर्थ करा, दुसरं टोक कापून टेप मारून ठेवा. दोन्हीकडं अर्थ केलं की त्यातनंच करंट फिरतो आणि डॅम्पर अंगात आल्यासारखा थरथरतो.

कॉमनची भानगड

२४ व्होल्ट एसीला प्लस-मायनस नसतो मग वायर कुठलीही कुठंही जोडली तरी काय होतंय, असं वायरमन म्हणतो, आणि एकाच ऑन-ऑफ मोटरपुरतं ते खरंय. पण मॉड्युलेटिंगमधे सिग्नल हा कॉमनपासनं मोजला जातो. एका ट्रान्सफॉर्मरवर चार मोटरी आणि कंट्रोलर असताना एका मोटरीवर २४ आणि कॉमन उलटे जोडले की सिग्नलच्या कॉमनमधनं सरळ शॉर्ट होतो, फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर कंट्रोलरचा आउटपुट जातो. म्हणून ट्रान्सफॉर्मरची एक बाजू पहिल्याच दिवशी कॉमन ठरवा, तिला सगळीकडं एकच रंगाची वायर वापरा, समजा काळी, आणि प्रत्येक टोकाला फेरूल टाका.

कंट्रोलरचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आणि मोटरींचा वेगळा असेल तर दोन्हींचे कॉमन एकमेकांना जोडले पाहिजेत, नाहीतर सिग्नलला आधारच राहत नाही, मोटर ४० टक्के सांगितलं तर ६० वर जाते, परत सांगितलं तर २० वर. पण जोडायच्या आधी दोन्ही कॉमनमधे मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा, काही मोठा आकडा दिसला तर आधी तो कुठनं येतोय ते शोधा. आणि काही उपकरणं आतमधे फुल वेव्ह रेक्टिफायरची असतात, त्यांचा कॉमन दुसऱ्यांत मिसळत नाही, कागदात तसं लिहिलेलं असेल तर त्यांना मुकाट्यानं वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या.

बसवताना

डॅम्पर हातानं पूर्ण बंद करा. बिनस्प्रिंगच्या मोटरवरचं बटण दाबून तिला बंदच्या टोकाला आणा, आणि टोकापासनं पाचेक अंश अलीकडं ठेवून क्लॅम्प शाफ्टवर आवळा. ते पाच अंश गास्केट दाबायला लागतात, नाहीतर मोटर म्हणते मी पोचले आणि डॅम्परमधनं शिट्टी वाजते. स्प्रिंगवालीला किल्लीनं थोडं फिरवून तसंच करायचं. क्लॅम्पचे दोन्ही नट आलटून पालटून आवळा, एकच आवळला की तो तिरका धरतो. शाफ्टवर रंग, गंज, ग्रीस असेल तर पॉलिश पेपरनं साफ करा. शाफ्ट क्लॅम्पच्या मापात आहे ना बघा, साधारण ८ ते २० मिमीचा गोल शाफ्ट बहुतेकांत बसतो, बारीक असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळू नका, अ‍ॅडॅप्टर मिळतो.

मोटरच्या दुसऱ्या टोकाला फिरू नये म्हणून एक पट्टी असते. ती खाचेत थोडी हलती राहिली पाहिजे, स्क्रू मारून ताठ बांधली की शाफ्ट थोडाही डुगडुगला तरी मोटरच्या गिअरवर ताण येतो. दिशा चुकली तर मोटर खोलून उलटी बसवायच्या आधी तिच्यावरचा दिशेचा छोटा स्विच फिरवून बघा, बिनस्प्रिंगच्या बऱ्याच मोटरींना असतो. स्प्रिंगवालीत स्प्रिंगची दिशा म्हणजे मोटर कुठल्या बाजूनं बसवली ते, तिथं स्विचनं काम होत नाही.

फॅनशी इंटरलॉक

डॅम्पर बंद आणि फॅन सुरू झाला तर मोठ्या एएचयूत डक्ट आत ओढली जाते, पत्रा चेपलेला बघितला की समजायचं. म्हणून मोटरमधला सहायक स्विच वापरा. त्याचा कॉन्टॅक्ट डॅम्पर उघडल्यावर जुळला पाहिजे आणि फॅनच्या स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमधे सिरीजमधे यायला पाहिजे. टाइमरवर भागवतात काही जण, तीन मिनिटांनी फॅन चालू, पण टाइमरला डॅम्पर खरंच उघडला का ते थोडीच कळतं. आणि तो स्विच मोटरचा आहे, ब्लेडचा नाही, क्लॅम्प घसरला तर स्विच म्हणेल उघडला आणि आत सगळं बंद. म्हणूनच सुरुवातीला शाफ्टवर रेघ पाडायला सांगितली.

चालू करताना बघायचं ते

मोटर चालत असताना तिच्याच टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बंद असताना २६ दिसेल, रिकामा ट्रान्सफॉर्मर जास्तच दाखवतो, त्याला अर्थ नाही. शक्य असेल तर सगळ्या मोटरी एकदम चालवा आणि शेवटच्या मोटरपाशी मीटर लावा. २१ च्या वर राहिलं तर मी खूश असतो.

मॉड्युलेटिंग मोटर आणि कंट्रोलर यांच्यात भांडण असेल, मोटरवाला म्हणतो कंट्रोलर खराब, बीएमएसवाला (इमारतीची कंट्रोल सिस्टिम बघणारा) म्हणतो मोटर खराब, तर खिशात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी ठेवा. कंट्रोलरची सिग्नल वायर काढा, बॅटरीचं मायनस कॉमनला, प्लस सिग्नलच्या टर्मिनलला, २४ व्होल्ट चालूच. ०-१० ची मोटर ९० टक्क्यांवर जाऊन थांबली पाहिजे, २-१० ची साडेसत्त्याऐंशीवर. गेली तर मोटर आणि तिचा सप्लाय ठीक, भांडण बीएमएसवाल्याच्या घरी न्या. फीडबॅकच्या वायरीवर पण तेवढेच व्होल्ट दिसतायत का बघा.

मोटर जागेवर गुणगुणतेय आणि शाफ्ट हलत नाही, तर क्लॅम्प. मोटर थोडी हलून थांबते, परत हलते, तर डॅम्पर जाम किंवा व्होल्टेज कमी. काहीच आवाज नाही तर फ्यूज, मग वायर, मग मोटर. ह्या क्रमानं गेलं की निम्म्या मोटरी बदलाव्याच लागत नाहीत.

फायर डॅम्परला हात लावायच्या आधी

आगीत आपोआप बंद होणारे, भिंतीत बसवलेले, ७२ अंशाच्या आसपास वितळून सुटणारा फ्यूज किंवा सेन्सर असलेले, ते वेगळं प्रकरण आहे. तिथं डॅम्पर आणि मोटर मिळून एकत्र टेस्ट केलेलं असतं, मोटर गेली तर त्याच मॉडेलची किंवा डॅम्परवाल्यानं लेखी मान्य केलेलीच बसवायची. तेवढ्याच न्यूटन मीटरची साधी स्प्रिंगवाली बसवून डॅम्पर हलतो, ऑडिटला हललेला दिसतो पण, आणि आगीत काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ प्रमाणं फायर डॅम्पर बंद झाला की त्या एएचयूचा फॅन पण थांबला पाहिजे, म्हणजे फायर अलार्म पॅनेलचा कॉन्टॅक्ट मोटरच्या सप्लायमधे आणि फॅनच्या सर्किटमधे दोन्हीकडं पाहिजे. फक्त एकीकडं जोडलेलं बघितलंय मी बऱ्याच ठिकाणी.

आपल्याकडचं ऊन, धूळ आणि नदी

बहुतेक मोटरींची मर्यादा ५० अंश आहे. सांगलीत एप्रिल-मे मधे सावलीतच ४० होतात आणि गच्चीवर काळ्या पत्र्याच्या बंद बॉक्समधे ५० कधीच ओलांडतं, म्हणून वर पांढऱ्या रंगाचं छप्पर करा, बाजू उघड्या ठेवा. आयपी ५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासनं संरक्षण) लिहिलंय म्हणून उघड्यावर ठेवू नका, आणि केबल खालूनच आत घ्या, थोडी लोंबती ठेवून, म्हणजे पाणी केबलवरनं घसरत आत न जाता खालीच टपकतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत तर जून ते सप्टेंबर दमटपणानंच टर्मिनल हिरवे पडतात, तिथं वायरी उघड्या चॉकलेट कनेक्टरात जोडू नका, सीलबंद जंक्शन बॉक्स घ्या.

हळदीच्या मिलमधे आणि मसाल्याच्या कारखान्यात धूळ ब्लेडच्या कडेवर थराथरानं बसते, तिथं टॉर्कचा हिशोब दीडपट करूनच सुरू करा आणि दर सीझन संपला की ब्लेड पुसून घ्या. हवेत बारीक पूड उडत असते अशा जागी साधी मोटर मुळीच नको, ती पूड पेटू शकते, तिथं त्या कामासाठी प्रमाणित केलेलीच मोटर घ्या किंवा मोटर त्या खोलीच्या बाहेर काढून शाफ्ट लांब घ्या.

आणि कृष्णाकाठच्या इमारतींचं बेसमेंट. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. बेसमेंटच्या पार्किंगचा एक्झॉस्ट डॅम्पर खाली असणार त्याला इलाज नाही, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेल वरच्या मजल्यावर न्या, आणि बेसमेंटच्या फीडरला वरनंच बंद करता येईल असा वेगळा एमसीबी ठेवा. पाण्यात बुडालेली मोटर वाळवून परत लावायच्या भानगडीत पडू नका, आतला बोर्ड काही महिन्यांनी जातोच, तीच मोटर फेकून नवीन लावा, डॅम्पर मात्र धुऊन, बुश बदलून, परत हुकाच्या काट्यानं मोजून वापरता येतो.